वाचनालयाची वरची खोली आणि नागपूरचे चित्रकार: चित्रं लावायची कशी, विकायची कशी?

वरचा मजला

नमस्कार मंडळी. खामल्याकडच्या आमच्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर २२ बाय १४ फुटांची एक खोली आहे. मागच्या वर्षापर्यंत तिथे स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची अभ्यासिका चालायची. आता पोरं एसी अभ्यासिकांत जातात आणि खोलीत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे पडून असतात. बऱ्याच चर्चेनंतर आणि त्याहून जास्त चहानंतर कार्यकारिणीने ही खोली नागपुरातल्या चित्रकारांना द्यायचं मान्य केलंय.

शहरात गॅलऱ्या नाहीत असं नाही. चिटणवीस सेंटर आहे, लोकमत भवनातली जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. पण सगळं सिव्हिल लाइन्स-रामदासपेठेकडे. शिवाय आपल्याकडे एकूणच प्रदर्शन म्हणजे तीन-चार दिवसांचा कार्यक्रम. शुक्रवारी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, शनिवारी पेपरात फोटो (फोटोत पाहुणे सहा आणि मागे अर्धं कापलेलं एक चित्र), रविवारी रात्री चित्रं रिक्षात. बघायला आलेले बहुतेक जण स्वतःच चित्रकार.

मला वेगळं करायचंय. एक प्रदर्शन दीड महिना ठेवायचं. आमचे सभासद आठवड्याला पुस्तक बदलायला येतात, म्हणजे तेच चित्र त्यांना पाच-सहा वेळा दिसेल. पहिल्यांदा माणूस नुसता बघून जातो, तिसऱ्यांदा थांबतो, पाचव्यांदा किंमत विचारतो, असा माझा अंदाज. चित्रकाराकडून भाडं घ्यायचं नाही. विकलं गेलं तर १५ टक्के वाचनालयाला. प्रत्येक चित्राखाली किंमत लिहिलेली हवी, त्यावर माझी तडजोड नाही.

खर्चाला पैसे जेमतेम आहेत. टांगणं, दिवे, निवड, हिशेब, जे सुचेल ते सांगा.

तर्री जास्त

वरचा मजला भाऊ, इरादा चांगला आहे, पण नागपुरात चित्र विकत कोण घेऊन राहिलं? आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं तीन बीएचकेच्या इंटेरियरवर १५ लाख लावतात आणि सोफ्याच्या वर ऑनलाइन मागवलेले सात घोडे टांगतात. तेही वास्तूवाल्याने सांगितले म्हणून, आणि घोड्यांची तोंडं घराच्या आत पाहिजेत म्हणून दोनदा फिरवलेले. त्यांना तुम्ही जलरंग विकणार? बाप्पा!

खडूची पूड

मी शाळेत कलाशिक्षक होतो, आता निवृत्त.

तर्रीभाऊ, तुमचं खरं असलं तरी अर्धंच. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कला शाळेत शिकले आणि मग मुंबईला जे. जे.मध्ये गेले. आज त्यांच्या कॅनव्हासची बोली कोटींत लागते. म्हणजे हाताला गुण असलेली माणसं या गावाने पाहिलेली आहेत, फक्त ती इथून गेली. भाऊ समर्थांसारखे जे इथेच राहिले, त्यांनी इथेच राहून चित्रंही केली आणि कलेवर लिहिलंही. आजही शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. त्यातली काही पुण्या-मुंबईला अ‍ॅनिमेशनमध्ये, काही शाळांत, आणि उरलेली लग्नाच्या हॉलचे बॅकड्रॉप रंगवतात. बॅकड्रॉप रंगवणाऱ्यांत मला फार तयारीचा हात दिसलाय.

आणि महाल भागातली मूर्तिकारांची चितार ओळ विसरू नका. गणपती-देवीचे दिवस सोडून त्या गल्लीतली माणसं काय करतात हे कधी कोणी विचारलंय का? मूर्तीचे डोळे काढणाऱ्या माणसाला एक कागद आणि शाई देऊन पाहा. ‘चित्रकार’ म्हणजे पदविका असलेलाच, असा नियम कराल तर पहिल्याच दिवशी चुकाल.

काचफ्रेम

फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे माझं बोलणं खिळ्यांपासून सुरू होणार.

भिंतीत खिळे ठोकू नका. दर दीड महिन्याला ठोकाल, उपटाल, वर्षभरात प्लास्टरची चाळणी होईल. छताखाली सहा इंचावर भिंतीला अ‍ॅल्युमिनियमची पिक्चर रेल लावा, त्यातून स्टीलच्या तारा आणि सरकते हुक. ते महाग वाटलं तर अर्ध्या इंचाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप क्लॅम्पवर बसवा, त्यावर एस-हुक आणि बारीक साखळी. दिसायला थोडं कारखान्यासारखं दिसतं, पण वजन पेलतं आणि चित्र वर-खाली करायला कडी बदलली की झालं.

उंचीत सगळे घोळ घालतात. लोक चित्रं लग्नाच्या आहेरातल्या घड्याळासारखी वर चढवतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचावर धरा, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. हिशेब असा: फ्रेमची उंची २४ इंच आहे, मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. तर हुक ५८ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६७ इंचावर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी ताणली जाते, म्हणून प्रत्येकीचं माप घ्या. नजरेने लावायला गेलात तर एका ओळीत पाच चित्रं पाच उंचीवर दिसतात.

फ्रेमच्या मागच्या बाजूला दोन डी-रिंगा आणि त्यांच्यामध्ये तार. वर मध्यभागी एकच त्रिकोणी कडी असलेली फ्रेम घेऊच नका, ती पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा तिरपी होते. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळली पाहिजे. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि पहिली बुरशी फ्रेमच्या एमडीएफच्या (दाबलेल्या भुशाच्या फळीच्या) पाठीवर येते. जलरंगाचा कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. नाहीतर जुलैमध्ये कागद काचेला चिकटतो, मग सोडवताना रंगही जातो.

आता खास नागपूरचं. खोलीत कूलर आहे का?

वरचा मजला

आहे. खिडकीत बसवलेला, मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. अभ्यासिकेच्या वेळचा. का?

काचफ्रेम

काढा. नाहीतर मार्च ते जून कागदावरचं काम लावू नका. कूलर म्हणजे ओली हवा सरळ खोलीत. दिवसा कूलर चालू, खोली दमट. रात्री बंद, सकाळपर्यंत कोरडी ठाक. रोजचं हे फुगणं-आकसणं कागदाला सहन होत नाही, लाटा येतात. माझ्याकडे उन्हाळ्यानंतर दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेमांपैकी कितीतरी कूलरच्या समोरच्या भिंतीवरच्या असतात. कॅनव्हासवरचं अ‍ॅक्रिलिक एकवेळ तग धरेल.

खिडकी कुठल्या दिशेला?

वरचा मजला

पश्चिमेला. दोन मोठ्या. त्यामुळे ती भिंत मी आधीच वगळली आहे.

काचफ्रेम

भिंत वगळून भागत नाही, ऊन समोरच्या भिंतीवर पडतं. दुपारी तीननंतर ते नेमकं चित्रांवर येईल. जाड मांजरपाटाचे पडदे लावा, कोरा पांढरा. रंगीत पडद्यातून रंगीत उजेड येतो आणि सगळ्या चित्रांवर त्याची झाक दिसते.

दिव्यांचं थोडक्यात: ट्यूबलाइट बंद, ट्रॅकवर एलईडी स्पॉट, साधारण ३००० केल्विनचे (म्हणजे पिवळसर उजेडाचे), सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप) ९० च्या वरचे. खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नका. दिवा चित्रावर ३० अंशांत तिरका पडू द्या, सरळ मारला की काचेत दिवाच दिसतो. कागदावरच्या कामाला ५० लक्स (उजेडाचं माप) पुरे, तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप आहेत. अचूक नसतात, पण अंदाज येतो.

दोन पोरांची आई

वाखु (वाचनखूण) साठवली! घरातल्या चित्रांसाठीसुद्धा.

एक विनंती. एका कोपऱ्यात दोन-तीन चित्रं खाली लावा, पोरांच्या उंचीला. माझा धाकटा सहा वर्षांचा आहे, प्रदर्शनात गेलो की त्याला फक्त लोकांचे पट्टे आणि पर्सा दिसतात. आणि ‘हात लावू नये’च्या पाट्या दर तीन फुटांवर नकोत. जमिनीवर दोन फुटांवर एक पट्टी मारा, तिथे उभं राहून बघायचं असं सांगितलं की पोरं ऐकतात. मोठ्यांचं सांगता येत नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं आमच्या भागात भरपूर आहेत. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून आई-बाप क्लास लावतात, पण त्या मुलांनी खरं चित्र समोरून पाहिलेलंच नसतं, सगळं मोबाइलवर. रविवारी सकाळी चित्रकाराला तिथेच बसून काम करायला सांगाल का? भाषण नको. नुसतं काम. मुलं आपोआप गोळा होतील.

ओली रेघ

जलरंग करते. कटू बोलणार आहे, हलकेच घ्या.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका दालनाला मी माझी निसर्गचित्रं दिली होती. पावती मागितली तर “मॅडम, आपण घरचेच” असं उत्तर मिळालं. एक चित्र विकलं गेलं हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पैशांसाठी फोन करकरून थकले, ते आले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. परत आलेल्या एका फ्रेमच्या काचेला कोपऱ्यात तडा, आणि नवीन वर्षात त्यांच्याच वाटायच्या कॅलेंडरवर माझं फुटाळा तलावाचं चित्र. माझं नाव कुठेही नाही.

म्हणून तुमच्या १५ टक्क्यांचं मला काही वाटत नाही, ते कमीच आहेत. मला बाकीचं लेखी हवं. चित्र ताब्यात घेताना पावती: शीर्षक, माध्यम, माप, वर्ष, किंमत, आणि फ्रेम-काचेची अवस्था, सोबत मागून-पुढून फोटो. चित्र विकलं गेलं की त्याच दिवशी निरोप. पैसे १५ दिवसांच्या आत. आणि विकत घेणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर. माझं चित्र कोणाच्या घरात आहे एवढं तरी मला ठाऊक असावं.

कॅलेंडरच्या प्रकरणानंतर मी वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणजे ज्याने चित्र विकत घेतलं त्याने ते भिंतीवर लावावं, भेट द्यावं, पुन्हा विकावं, पण ते कॅलेंडरवर किंवा कॉफीच्या मगवर छापायचं तर मला विचारावं लागेल. अपवाद आहे तो सांगून काढून घेतलेल्या चित्राचा. कोणी पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट किंवा दुसरं चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. त्याच कायद्यात ५३ अ कलम आहे: मूळ चित्र पुढे १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराचा वाटा असतो, कमाल १० टक्के. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला चाळिशीत कळलं.

तर्री जास्त

ओली रेघ ताई, हे वाईट झालं. आणि ५३ अ माहीतच नव्हतं, कोणी सांगतच नाही नं. माझा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. घेणारा कोण?

जमाखर्च

घेणाऱ्याचं नंतर. आधी पैसा कुठून कुठे जाणार ते ठरवा, नाहीतर ऑडिटला बोंब.

वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर संस्थेच्या घटनेतले उद्देश वाचा. ‘सांस्कृतिक उपक्रम’ असा शब्द असला तर सोपं. शासनाचं अ, ब, क, ड वर्गाचं अनुदान घेत असाल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कानावर घाला, दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. नंतर कोणीतरी “जागा व्यवसायाला दिली” असं म्हणतं. म्हणणारा बहुतेक कार्यकारिणीतलाच असतो.

विक्रीचे पैसे वाचनालयाच्या खात्यात घेऊ नका. चित्रकाराचाच यूपीआय क्यूआर काउंटरवर ठेवा. घेणारा पूर्ण रक्कम चित्रकाराला देईल, बिल चित्रकार करेल, आणि चित्रकार तुमचे १५ टक्के सेवाशुल्क म्हणून वेगळ्या पावतीने भरेल. म्हणजे ओली रेघ ताईंचा १५ दिवसांचा प्रश्नच उरत नाही, उलट वाट बघायची पाळी वाचनालयावर येईल. जीएसटीची भीती कोणी घातली तर: महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाख आणि सेवेला २० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. तुमची गॅलरी तिथे पोचली तर मला पेढे द्या. बाकी तुमच्या सीएला विचाराच, न्यासाचं करपात्र उत्पन्न हा वेगळा विषय आहे.

वरचा मजला

जमाखर्च, थेट क्यूआर हे झकास. कालच्या बैठकीत ठेवलं, मंजूर. पावतीचा नमुना ओली रेघ यांनी सांगितला तसाच करतोय.

आता अवघड जागेचं दुखणं. निवड. बैठक संपायच्या आत एका सदस्यांनी सुनेच्या मंडला आर्टचे फोटो दाखवले, दुसऱ्यांच्या मेहुण्यांचे स्केचेस निघाले. सगळे प्रेमाने. नाही म्हणायचं कसं?

खडूची पूड

नियम आधी लिहा, चित्रं नंतर मागवा. कार्यकारिणीच्या घरच्यांना पहिलं वर्ष बंदी, अगदी रझा असले तरी. निवडायला तीन माणसं: एक चित्रकार, एक कलाशिक्षक, एक चित्राशी संबंध नसलेला नेहमीचा वाचक. फोटोंवर नावं झाकलेली. तिसरा माणूस फार कामाचा असतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात परीक्षक म्हणून मी प्रयोगशाळेच्या सहायकाला बसवायचो, तो कोणाचीही भीड न ठेवता बोट दाखवायचा.

आणि एक चित्र-एक चित्रकार असली खिचडी नको. सोळा जणांचं एकेक लावलं की सोळा जणांचे नातेवाईक खूश आणि कोणीच कळत नाही. चौघांचं प्रत्येकी चार लावा. चार चित्रं एका हाताची दिसली की माणसाचा स्वभाव कळतो.

ओली रेघ

शेवटच्या वाक्याला +१.

भंडाऱ्याचा

वाचतोय. सुरुवात कधी करायची त्यावर कोणी बोललं नाही म्हणून. एप्रिल-मे सोडा, ४५ अंशांत दुपारी कुत्रंही फिरत नाही. पोळा ते दसरा चितार ओळीतल्या कोणाला विचारूही नका, त्यांना जेवायला वेळ नसतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तुमच्या बाजूचे रस्तेही भरलेले. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, पण तुम्हाला त्याचा उलटा फायदा आहे. विधानभवनाच्या बाजूने मोर्चे आणि बॅरिकेड, लोक तिकडे जायचं टाळतात. खामल्यात मोकळीक. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी सुरू करा, जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालवा.

आणि पुढच्या पावसाळ्यात पोळ्यानंतर मारबतीवर काहीतरी करा राव. पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे. बाहेरचे फोटोग्राफर येऊन काढून नेतात, ते बांधणाऱ्या कारागिरांचे कच्चे आराखडे कधी भिंतीवर पाहिलेत? इडापिडा घेऊन जाणारे ते पुतळे जाळले जातात, राहत काहीच नाही. आराखडे तरी राहू द्या.

वरचा मजला

भंडाऱ्याचा, मारबतीचं लिहून ठेवलं. मात्र पावसाळा आणि ओल, म्हणजे काचफ्रेमना आधी विचारावं लागेल.

भिंतीचं माप घेतलं. २२ ची एक आणि १४ च्या दोन, एकूण ५० फूट. दार आणि दिवाळी अंकांचं कपाट वजा जाता ४१ उरतात. सरासरी २० इंच रुंद चित्र आणि मध्ये १० इंच मोकळी जागा धरली तर १६ चित्रं बसतात, खडूची पूड यांच्या चार गुणिले चारसाठी तंतोतंत. कपाट हलवलं तर आणखी दोन बसतील, पण ते हलत नाही. आत १९८० च्या दशकापासूनचे अंक आहेत आणि हलवायला कोणी तयार नाही.

तर्री जास्त, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आकड्यात नाही. पण पहिल्या प्रदर्शनात निम्मी चित्रं तीन हजारांच्या आत ठेवायची असं चौघांशी बोलणार आहे. लहान आकार, ए फोरच्या आसपास. वाढदिवसाला, गृहप्रवेशाला माणूस दोन-अडीच हजारांचा डिनर सेट देतोच की. आणि हप्त्याने द्यायची सोय हवी, वाचनालयाचा सभासद असेल तर तीन महिन्यांत. ‘चित्र आधी घरी, पैसे सावकाश’ असं नाही. पैसे पुरे झाले की चित्र घरी. तोवर त्यावर लाल टिकली (विकलं गेल्याची खूण) आणि चित्र भिंतीवर.

जमाखर्च

हप्ते चित्रकाराच्या खात्यात, तारखांसह कागद करून. तोंडी नको.

तर्री जास्त

गृहप्रवेशाचं पटलं. डिनर सेट आमच्याकडे चार आहेत, एकही उघडलेला नाही. पण मग चित्राला गिफ्ट पॅकिंगचं काहीतरी करा, उघडं चित्र हातात घेऊन कोणी लग्नघरी जात नाही.

काचफ्रेम

पुठ्ठ्याचे कोपरे आणि बबल रॅप, वरून तपकिरी कागद. मी देईन, खर्च जुजबी येतो.

ओली रेघ

उद्घाटनाला पाहुणे कोण? हे आधी सांगा, त्यावर मी चित्रं द्यायची की नाही ते ठरवते. (अर्धी गंमत.)

वरचा मजला

पाहुणे नाहीत. संध्याकाळी साडेपाचला दार उघडायचं, चारही चित्रकार खोलीत असतील, खाली तर्री-पोहे. कार्यकारिणीतल्या दोघांना हे अजून पचलेलं नाही, नगरसेवकांना न बोलावलं तर पुढे पाण्याच्या टाकीचं काम अडेल असं त्यांचं म्हणणं आहे. नगरसेवकांना सगळ्यांसारखं या म्हणून सांगतोय, स्टेज मात्र नाही.

काचफ्रेम, शनिवारी सकाळी दहानंतर पाइप बसवायला येता का? शिडी आहे, ड्रिल मशीन नाही.

काचफ्रेम

येतो. ड्रिल माझं. क्लॅम्प मोजून आणा, दर तीन फुटांना एक, आणि कोपऱ्यांना दोन-दोन.

दोन पोरांची आई

सासूबाईंना यायचंय, पण त्यांचे गुडघे. वर यायला जिनाच आहे ना? लिफ्ट?

वरचा मजला

जिनाच आहे, तोही अरुंद. खाली पुस्तकं देण्याच्या काउंटरमागे सहा फुटांची भिंत रिकामी आहे. प्रत्येक चित्रकाराचं एकेक छोटं चित्र तिथे लावू आणि वरच्या सगळ्या चित्रांचे फोटो किमतींसकट एका फाइलमध्ये खाली ठेवू. समोर खुर्ची ठेवायला सांगतो. सासूबाईंना सकाळी आणा, संध्याकाळी पुस्तक बदलणाऱ्यांची रांग असते.